यादीत कोणाकोणाची नावं घालायची?

मामांच्या गोळ्या २७ जूनला संपल्या, धाकटीच्या जुलैत. आता जरा निवांत लिहायला बसलेय. जानेवारीत मी रात्र रात्र मोबाईलवर शोधत होते, की घरात टीबी निघाला तर पुढं नक्की काय काय होतं. जे सापडायचं ते एकतर परिपत्रकाच्या भाषेत, नाहीतर घाबरवून सोडणारं. म्हणून आमचं जसं घडलं तसं लिहिते.

मामा म्हणजे माझे सासरे. वय ६३, सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या एका अडत पेढीवर दिवाणजी. आम्ही खणभागात एका जुन्या वाड्यात राहतो. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि सहा माणसं: मामा, आत्या (माझ्या सासूबाई), आमचे हे, मी, तेरा वर्षांचा मोठा आणि चार वर्षांची धाकटी. वाड्यात आणखी पाच बिऱ्हाडं. जिना सगळ्यांना मिळून एकच. बोळाकडची खिडकी डास येतात म्हणून माझ्या लग्नापासून बंद.

खोकला दिवाळीच्या आसपास लागला. कुणी मनावर घेतलं नाही, कारण यार्डात धुरळा खाऊन सगळेच खोकतात. मामाच म्हणायचे, "चाळीस वर्सं हळद खाल्ली, खोकला येणारच की." गल्लीतल्या डॉक्टरांनी आधी एक सिरप दिलं, मग पाच दिवसांच्या अँटिबायोटिक, मग दुसरं सिरप. आत्या रात्री हळद घालून दूध देत होत्या. हळदीनं आलेला खोकला हळदीनंच घालवायचा चालला होता. डिसेंबरात मामांनी कमरेच्या पट्ट्याला खिळा तापवून नवीन भोक पाडलं. मी बघितलं आणि "बारीक झाला की मामा" म्हणून हसले. रात्री घामानं बनियन ओलं व्हायचं, ते आत्या गुपचूप बदलून द्यायच्या, आम्हाला कळलंही नाही.

दोन आठवड्यांच्या वर खोकला राहिला तर थुंकी तपासायची, हे मला पाठ होतं. सरकारी दवाखान्याच्या भिंतीवर ते वाचतच मी दोन बाळंतपणाच्या तपासण्यांच्या रांगा काढल्यात. तरी आम्ही नऊ आठवडे घालवले.

६ जानेवारीला बाहेर एक्स-रे काढला, ४५० रुपये. तोवर डॉक्टर, औषधं, रक्त असे मिळून पाच हजारांच्या वर गेले होते. डॉक्टर फोटो उजेडाला धरून म्हणाले, "सरकारी दवाखान्यात थुंकी तपासून या." रोगाचं नाव त्यांनी घेतलं नाही, आम्हीही विचारलं नाही.

८ तारखेला सकाळी गेलो. थुंकीचे दोन नमुने लागतात, एक तिथल्या तिथं आणि दुसरा सकाळी उठल्या उठल्या घरी घेतलेला. मामांनी पहिल्यांदा डबीत नुसती लाळ टाकली आणि ती परत आली. तिथल्या बाईंनी शिकवलं: आधी पाण्यानं चूळ भरायची, मोकळ्या जागी जायचं, दोनदा खोल श्वास घेऊन सोडायचा, तिसऱ्यांदा छातीतून खाकरून काढायचं. नमुना घट्ट, पिवळसर हवा. हे घरीच माहीत असतं तर एक फेरी वाचली असती.

१० तारखेला रिपोर्ट मिळाला. त्यावर दोन ओळी होत्या. 'एमटीबी डिटेक्टेड', म्हणजे टीबीचा जंतू सापडला, ही पहिली मला कळली. दुसरीत 'रिफ रेझिस्टन्स नॉट डिटेक्टेड' असं होतं, ते वाचून माझे हातपाय गार पडले. म्हटलं, हे आणखी काय निघालं? खिडकीतला मुलगा म्हणाला, "ताई, ती ओळ चांगली आहे. म्हणजे नेहमीच्या औषधानं जंतू मरतो." सीबीनॅटच्या मशीनवर जंतू आहे का आणि रिफाम्पिसिन या मुख्य औषधाला तो दाद देतो का, हे एकाच वेळी कळतं.

११ जानेवारी, शनिवार. औषध चालू झालं तो दिवस. आधी वजन केलं, ४६ किलो. मग रक्त: साखर आणि एचआयव्ही. एचआयव्हीचं नाव ऐकून मामा तडकले, "मी काय तसला मानूस वाटलो काय?" बाई शांतपणे म्हणाल्या, "आजोबा, टीबीच्या प्रत्येक माणसाला विचारून हीच तपासणी करतात. कलेक्टर आले तरी त्यांची पण करणार." एचआयव्ही नव्हता. साखर निघाली, उपाशीपोटी १८६. मधुमेह असला की टीबी उलटायची भीती जास्त असते, आणि मामांना तो आहे हे कुणालाच माहीत नव्हतं.

कागदांमध्ये आधार, बँक पासबुक आणि मोबाईल नंबर लागतो. मी गणपती पेठेत झेरॉक्सच्या दुकानात काम करते, तेव्हा प्रतींची ददात नव्हती. संगणकात, निक्षय नावाच्या सरकारच्या टीबीच्या नोंदीत, नाव चढवून एक निक्षय क्रमांक देतात, तो जपून ठेवा. गाव बदललं, औषधाचं केंद्र बदललं तरी माणूस त्या क्रमांकावरून सापडतो. खासगी डॉक्टरकडे औषध घेतलं तर सरकारला कळणार नाही असं वाटत असेल, तर तसं नाही. २०१२ पासून खासगी डॉक्टरांनाही टीबीच्या प्रत्येक रुग्णाची नोंद सरकारकडे द्यावीच लागते. मग फुकटचं आणि नीट मोजून मिळणारं औषध का सोडायचं?

वजनाप्रमाणे रोज सकाळी तीन गोळ्या. एकेका गोळीत चार औषधं. पहिले दोन महिने म्हणजे ५६ डोस, मग तीन औषधांच्या गोळ्यांचे ११२ डोस. दुसऱ्या दिवशी लघवी लाल झाली, मामा घाबरून मोरीतून ओरडत आले. आम्हाला ते सांगितलं होतं, पण मी त्यांना सांगायचं विसरले होते. औषधाचाच रंग असतो तो. नजर अंधूक झाली किंवा डोळे पिवळे दिसले तर मात्र त्याच दिवशी केंद्र गाठायचं.

आणि १४ तारखेला संक्रांत. मी वीस-बावीस जणींना हळदीकुंकवाला बोलावून बसले होते. वाणाच्या डब्या आणलेल्या, तिळगूळ केलेला. आता त्या दोन खोल्यांत, बंद खिडकीच्या घरात, बायकांना बसवायचं? नाही बसवलं तर सांगायचं काय? आत्या म्हणाल्या, "सुतक आलंय म्हणून सांग." मी एकेकीला फोन करून मामांना बरं नाही एवढंच सांगितलं. नंतर रथसप्तमीच्या आत वाण घरोघर जाऊन दिलं. एका मैत्रिणीनं डबी दारातूनच घेतली. तिला कुठून कळलं होतं कोण जाणे.

१५ जानेवारीला टीबीचं काम बघणाऱ्या ताई घरी आल्या, सोबत आमच्या आशाताई. वाड्यात बोभाटा होईल ही माझी मोठी धास्ती होती. पण साधी साडी, खांद्याला पिशवी, गाडी लांब लावलेली. कोणाला ते पण नको असेल तर केंद्रावर भेटू म्हणून सांगता येतं, त्या ऐकतात.

आत आल्या आल्या त्यांनी खिडकी बघितली. "ही आधी उघडा. जाळी लावा, पण उघडा." मग नजर गेली मोरीजवळ वेगळ्या ठेवलेल्या ताट-वाटी-तांब्याकडे. आमच्याकडं स्टीलच्या भांड्यांवर नाव घातलेलं असतं. आत्यांनी मामांच्या नावाचं ताट निवडून बाजूला काढलं होतं, राखेनं वेगळं घासायचं म्हणून. ताईंनी ते ताट उचललं, नाव वाचलं आणि स्वतःच्या हातानं मांडणीत बाकीच्या ताटांत नेऊन लावलं. "आजी, हा ताटातून पसरत नाही. खोकल्यातून हवेत जातो. ताट एक ठेवा, हवा खेळती ठेवा." आत्या काही बोलल्या नाहीत. त्यांच्या लहानपणी असल्या माणसाला मिरजेजवळ वान्लेसवाडीच्या आरोग्यधामात (टीबीच्या खास दवाखान्यात) नेऊन ठेवायचे, तिथल्या गोष्टी त्यांनी ऐकलेल्या. मी नंतर वाचलं, की मद्रासला १९५९ सालीच एका अभ्यासानं दाखवून दिलंय: औषध नीट घेतलं तर घरी राहूनही रुग्ण आरोग्यधामाइतकाच बरा होतो, आणि घरच्यांना धोका वाढत नाही. आमच्या वाड्यापर्यंत ही बातमी पोचायला जरा उशीर झाला.

मग ताईंनी वही काढली. घरातल्या सहाही जणांची नावं, वयं, वजनं. खोकला, ताप, वजनात घट, रात्री घाम हे प्रत्येकाला विचारलं. मोठ्याला आठ दिवस खोकला होता, त्याच्या नावापुढं त्यांनी खूण केली. माझा जीव तिथंच अडकला.

"आता बाहेरचे सांगा आजोबा. बंद जागेत तास तास कोणाबरोबर बसता?"

"कोन न्हाई. पेढीवर मी एकलाच असतो."

हे साफ खोटं. पेढीवर त्या छोट्या खोलीत दुसरे दिवाणजी बसतात, आणि रात्री तिथंच झोपणारा एक पोऱ्या आहे. शिवाय दर गुरुवारी रात्री नऊ ते अकरा बोळातल्या विठ्ठल मंदिरात भजन. अकरा जण, दार लावून, गळा मोकळा सोडून. मी आत्यांकडं बघितलं, त्या जमिनीकडं बघत होत्या. मी पण गप्प बसले. ताईंनी जाताना एवढंच सांगितलं, "नावं सांगितली तरी आम्ही तुमचं नाव त्यांना सांगत नाही. आठवलं तर फोन करा." त्यांचा नंबर नसेल तर १८००-११-६६६६ हा निक्षयचा फुकट नंबर आहे.

मामांचं पण चुकत होतं असं मी आज म्हणणार नाही. चाळीस वर्षांची नोकरी, मालक उद्या घरी बसा म्हणाला तर? आणि भजनी मंडळात त्यांना मान आहे. तिथं जाऊन काय सांगायचं?

१७ जानेवारीला आम्हा पाच जणांचे एक्स-रे झाले. रांगेत अर्धा दिवस गेला, पाण्याची बाटली आणि धाकटीसाठी खाऊ न्या. सगळ्यांच्या छात्या स्वच्छ. मोठ्याची थुंकीही मशीनवर लावली. ते दोन दिवस मी त्याच्या प्रत्येक ढासेबरोबर दचकत होते. निगेटिव्ह आली. सर्दीच होती.

२० तारखेला आम्ही तिघं मोठी माणसं हातावर सायटीबीची सुई घ्यायला गेलो, टीबीचा जंतू शरीरात शिरलाय का हे बघायची तपासणी. कातडीच्या आत थोडंसं औषध टोचतात आणि दोन ते तीन दिवसांत परत बोलावतात, त्यामुळं गुरुवार-शुक्रवारी टोचून घेऊ नका, मध्ये रविवार येतो. बुधवारी सिस्टरनी माझ्या हातावर बॉलपेन टेकवून सरकवत आणलं, जिथं अडलं तिथं खूण केली. दुसऱ्या बाजूनंही तसंच, आणि मग पट्टी लावली. लाली मोजत नाहीत, टणक झालेला भाग मोजतात, ५ मिलिमीटर आणि वर आला तर पॉझिटिव्ह. माझा ११. आत्यांचा १४. यांच्या हाताला काहीच नाही, मामांच्या शेजारी झोपणारा माणूस!

मला ना खोकला ना ताप. सिस्टर म्हणाल्या, जंतू शरीरात झोपून आहे, आजार नाही, तुमच्यापासून कुणाला होणार नाही. अशा दहा माणसांत आयुष्यभरात फार तर एकाला आजार होतो, आणि होऊ नये म्हणून प्रतिबंधक गोळ्या. देशभराच्या पाहणीत पंधरा वर्षांवरच्या सुमारे ३१ टक्के लोकांत हा झोपलेला जंतू सापडला होता. आकडा ऐकून धीर यायला हवा होता, आला नाही. त्या रात्री मी धाकटीला जवळ घेऊन झोपले नाही. दुसऱ्या दिवशी स्वतःचाच राग आला.

पाच वर्षांखालच्या मुलांना आजार लवकर आणि जोरात होतो, त्यामुळं त्यांना सुईची वाट न बघता गोळ्या देतात. धाकटीला आयसोनियाझिड रोज, सहा महिने. वजन १४ किलो, दीड गोळी. ती अर्धी गोळी तोडणं हा एक उद्योगच आहे. सुरीनं उडते, दातानं भुगा होतो. शेवटी मेडिकलमधून गोळी कापायची प्लास्टिकची डबी आणली, साठ रुपयांना. दोन चमचे पाण्यात विरघळवून उपाशीपोटी. वर बी-६ या जीवनसत्त्वाची गोळी.

मला, आत्यांना आणि मोठ्याला आठवड्यातून एकदाच तीन गोळ्या, असे बारा आठवडे. आम्ही शनिवार धरला, म्हणजे काही झालं तर रविवार हाताशी. २५ जानेवारीपासून १२ एप्रिलपर्यंत, शेवटची गोळी हनुमान जयंतीला. तिसऱ्या खेपेला मला रात्री कणकण आली, अंग मोडून आलं, सकाळी उतरलं. फोन करून विचारलं, चालू ठेवा म्हणाले. आणखी एक, हे कुणी उघड बोलत नाही म्हणून लिहिते. आशाताईंनी मला दाराआड नेऊन विचारलं, मूल नको म्हणून गोळ्या घेतेस का? या औषधानं त्या गोळ्यांचा गुण कमी होतो. मी घेत होते. त्यांनी विचारलं नसतं तर मी सांगितलंच नसतं.

आता २३ जानेवारी, गुरुवार. मामा भजनाला गेले नाहीत म्हणून पखवाजवाले काका चौकशीला घरी आले. मामा मास्क लावून खिडकीशी बसलेले. काका बसले, पाणी प्यायले आणि खोकले. साधं ठसकणं नव्हतं ते, खालून येणारा खोकला. मामांनी मान वर केली. बारा दिवसांपूर्वीपर्यंत हाच आवाज त्यांच्या छातीतून येत होता.

"किती दिस झालं ह्या खोकल्याला?"

"हाय की दिवाळीपास्नं. थंडीचा."

मामा बराच वेळ गप्प राहिले. मग मास्क हनुवटीखाली ओढला, परत वर केला, आणि म्हणाले, "मला टीबी निघालाय. तू पण थुंकी दे."

काका गेल्यावर मला हाक मारली. "लिव." मी दुकानातनं आणलेल्या वाया गेलेल्या झेरॉक्सच्या पाठीवर लिहीत गेले. भजनातले दहा, पेढीवरचे दोन. एकेक नाव सांगताना ते थांबत होते, जणू पैसे उसने मागायला जायचंय. दुसऱ्या दिवशी मी ताईंना फोन केला.

बारांतले दहा जण तपासायला गेले. दोघांनी "आम्हाला काय झालंय" म्हणून उडवून लावलं. पेढीवरचा पोऱ्या आणि दिवाणजी साफ निघाले. पखवाजवाले काका पॉझिटिव्ह. १ फेब्रुवारीला त्यांच्याही गोळ्या चालू झाल्या. त्यांच्याकडून मामांना गेला की मामांकडून त्यांना, की दोघांना तिसऱ्याच कुणाकडून, हे कळत नाही. काकांच्या सुनेला मात्र ते पक्कं ठाऊक आहे आणि ती अजून माझ्याशी बोलत नाही.

पेढीच्या मालकांनी महिनाभर अर्ध्या पगारी रजा दिली. परत गेल्यावर मामांची गादी आतून उचलून बाहेर ओट्यावर ठेवलेली. मामांना तो अपमान वाटला. मला विचाराल तर ती जागा आधीपासूनच बरी होती, निदान वारा तरी लागतो.

पोषणाचे पैसे: महिना एक हजार, तीन-तीन हजारांच्या दोन हप्त्यांत खात्यावर येतात. (नोव्हेंबर २०२४ च्या आधी पाचशे होते.) आम्ही पतसंस्थेचं पासबुक दिलं होतं, ते चाललं नाही. मग बँकेचं दिलं, तर बँक दुसऱ्या बँकेत विलीन झाल्यानं पासबुकावरचा आयएफएससी कोड जुना. पहिला हप्ता आला ३ एप्रिलला. अर्ज करायच्या आधी शाखेत जाऊन नवा कोड आणि आधार जोडलंय का, एवढं बघा. त्या पैशांची रोज दोन अंडी आणि शेंगदाणे. माळकरी माणूस अंडी खाईल का हा प्रश्न होता. माळ काढून खुंटीला लावायची आणि खायची, अशी त्यांची त्यांनीच वाट काढली.

मार्चमध्ये एकदा केंद्रावर महिन्याऐवजी सातच दिवसांच्या गोळ्या मिळाल्या, पुढचा साठा यायचाय म्हणून. त्या महिन्यात चार फेऱ्या झाल्या. गोळ्या संपायच्या चार दिवस आधीच जायचं, हे तेव्हापासून ठरवलं. दोन महिन्यांनंतरची थुंकी निगेटिव्ह आली. एप्रिलमध्ये वजन ५१.५ झालं आणि तीनच्या चार गोळ्या झाल्या. आत्या घाबरल्या, रोग वाढला म्हणून. उलट होतं. वजन पाच किलोंच्या वर वाढून पुढच्या गटात गेलं की गोळ्याही वाढतात. पट्टा आता जुन्या भोकाला लागतो.

शेवटची थुंकीही निगेटिव्ह. पुढची दोन वर्षं दर सहा महिन्यांनी दाखवायला जायचं, पहिली खेप डिसेंबरात.

६ जुलैला आषाढी झाली. काका आणि मामा दोघंही भजनाला गेले. मंदिराची दोन्ही दारं सताड उघडी, डास चावले म्हणून निम्मे लोक कुरकुरले. तपासायला न गेलेल्या दोघांपैकी एक जण अजून खोकतो. मामांनी केंद्रावरून थुंकीची एक रिकामी डबी मागून आणलीय. ती गेले तीन गुरुवार सदऱ्याच्या खिशात घालून नेतात आणि तशीच परत आणतात. "आज न्हाई जमलं," म्हणतात आणि टाळांशेजारी ठेवून देतात.